ओलाव्याचा आकडा आणि कातडीची भिंत

हिवाळा तोंडावर आला की क्रीम-लोशनच्या जाहिरातींना बहर येतो. त्वचेतील ओलावा अमुक टक्क्यांनी वाढतो, तो तीन दिवस टिकतो, आणि हे सारे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे, असे त्यांत सांगितलेले असते. हे सगळे थोतांड आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. अशा दाव्यामागे पुष्कळदा खरोखरच एक उपकरण असते, काही माणसांच्या हातांवर घेतलेली मापे असतात आणि त्यांची सरासरी असते. म्हणून टीका करायची तर ती मापनाच्या मुळाशी जाऊन करायला हवी. उपकरणाने नेमके काय मोजले, आणि त्या मापावरून काय म्हणण्याचा अधिकार मिळतो?

हा प्रश्न केवळ सौंदर्यप्रसाधनांचा नाही. याच उपकरणांच्या भरवशावर त्वचारोगाचे संशोधक नवजात बाळांच्या कातडीविषयी अनुमाने काढतात, आणि त्या अनुमानांवरून घरोघरी बाळाला काय चोपडावे याचे सल्ले दिले जातात. आकडा चुकीचा वाचला गेला तर त्याची किंमत बाळ मोजते.

दोन वेगळे प्रश्न

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे शृंगस्तर. बहुतेक अंगावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून पन्नासाव्या भागापर्यंत असते. मृत, चपट्या, केराटीनने भरलेल्या पेशींचे सुमारे पंधरा थर, आणि त्यांच्या मधल्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचे एकावर एक रचलेले पापुद्रे, अशी त्याची रचना असते. पेशी म्हणजे विटा आणि स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना, ही उपमा १९७०-८० च्या दशकांत रूढ झाली आणि अमेरिकेतील पीटर इलायस यांच्या कामामुळे ती सर्वांच्या तोंडी बसली.

या भिंतीविषयी दोन प्रश्न विचारता येतात. पहिला, विटांमध्ये किती पाणी आहे? दुसरा, भिंत कितपत गळते? पहिला प्रश्न ओलाव्याचा, दुसरा अडसराचा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, पण ते एकच नाहीत. या विषयावरच्या लोकप्रिय लेखनातील बहुतेक गोंधळ या दोघांची सरमिसळ केल्याने होतो.

ओलाव्याचे महत्त्व १९५२ मध्ये अमेरिकन संशोधक आयर्विन ब्लँक यांनी एका साध्या प्रयोगाने दाखवले. कातडीच्या घट्ट्याचा वाळलेला, कडक तुकडा त्यांनी तेलकट पदार्थांत ठेवला. तो कडकच राहिला. पाणी मिळाल्यावर मात्र तो लवचीक झाला. म्हणजे कातडी मऊ राहते ती तेलाने नव्हे, पाण्याने. तेलाचे काम ते पाणी उडून जाऊ न देण्याचे. हा प्रयोग कापलेल्या नखांवर वर्गात सहज करता येतो. काही तुकडे रात्रभर तेलात आणि काही पाण्यात ठेवा, सकाळी मुलांना वाकवून पाहू द्या.

पहिले उपकरण : ओलावा मोजणारे

जिवंत माणसाच्या हातावरचा शृंगस्तर कापून, वाळवून, वजन करून पाहणे शक्य नाही. म्हणून आडवाटेने जावे लागते. पाण्याचा पराविद्युत स्थिरांक सुमारे ८०, तर कातडीतील इतर कोरड्या घटकांचा त्या मानाने फारच कमी. धारित्राच्या, म्हणजे आपल्या कंडेन्सरच्या, दोन पट्ट्यांमध्ये पाणी असलेला पदार्थ आला की त्याची धारकता वाढते. कॉर्निओमीटर नावाचे जर्मन बनावटीचे उपकरण याच तत्त्वावर चालते. त्याचा पेनासारखा भाग कातडीवर ठरावीक दाबाने टेकवायचा, आणि पडद्यावर ० ते १२० यांमधील एक आकडा उमटतो.

तत्त्व सुंदर आहे, शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आवाक्यातले आहे, आणि माप घ्यायला क्षणभरच पुरतो. पण या आकड्याला एकक नाही. ‘५०’ म्हणजे १०० ग्रॅम कातडीत ५० ग्रॅम पाणी नव्हे. ती उपकरणाच्या निर्मात्याने ठरवलेली मोजपट्टी आहे. कोरड्या हातावर आकडा कमी येतो, ओल्या हातावर जास्त. क्रम लावायला हे पुरेसे आहे. टक्केवारी काढायला नाही.

का नाही, हे तापमानाच्या उदाहरणाने समजते. खोलीचे तापमान २० अंश सेल्सिअसवरून ४० वर गेले तर उष्णता शंभर टक्क्यांनी वाढली असे म्हणायचे का? तीच वाढ फॅरनहाइटमध्ये ६८ वरून १०४, म्हणजे सुमारे ५३ टक्के. केल्विनमध्ये २९३ वरून ३१३, म्हणजे जेमतेम ७ टक्के. बदल एकच, टक्केवाऱ्या तीन. ज्या मोजपट्टीचा शून्य आणि पायऱ्या सोयीने ठरवलेल्या आहेत तिच्यावर टक्के काढणे निरर्थक असते. कॉर्निओमीटरचा आकडा ४० वरून ६० झाला तर ‘ओलावा पन्नास टक्के वाढला’ हे वाक्य याच जातीचे आहे. आकडा पन्नास टक्के वाढला. पाणी किती वाढले ते त्यावरून कळत नाही. जपानमध्ये विकसित झालेले दुसरे एक उपकरण धारकतेऐवजी विद्युतवाहकता मोजते. फार कोरड्या कातडीतील फरक धारकतेचे उपकरण चांगले टिपते, ओल्या कातडीतील फरक वाहकतेचे. एकाच क्रीमसाठी दोन उपकरणे दोन वेगळ्या टक्केवाऱ्या देऊ शकतात, आणि जाहिरातदाराने कोणती निवडावी यावर बंधन नाही.

दुसरी अडचण अशी की उपकरणाला कातडीतले पाणी आणि कातडीवरचे पाणी यांतला फरक कळत नाही. घाम, त्यातील क्षार, नुकत्याच लावलेल्या क्रीममधले पाणी, ग्लिसरिनाने धरून ठेवलेला ओलावा, सारे त्या आकड्यात मिसळते.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची वाटते. अधिक पाणी म्हणजे अधिक निरोगी कातडी हे गृहीतच चुकीचे आहे. तासभर धुणी धुतल्यावर हाताची बोटे पाहा. शृंगस्तर फुगलेला, पांढरट, सुरकुतलेला असतो. पाणी भरपूर आहे, पण भिंत मजबूत नाही. ती सैल झालेली आहे. बाळाच्या ओल्या लंगोटाखाली कातडी सोलवटते तेव्हा तेथे ओलाव्याचा तुटवडा नसतो, अतिरेक असतो. एक विशिष्ट मर्यादा ओलांडली की ‘जास्त’ हे ‘चांगले’ राहत नाही.

खरे एकक असलेले मापन अशक्य आहे असे मात्र नाही. २००१ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी रामन वर्णपटाचा उपयोग करून जिवंत माणसाच्या शृंगस्तरात वरून आत जाताना पाण्याचे प्रमाण कसे वाढत जाते ते मोजले. तिथे १०० ग्रॅममागे किती ग्रॅम पाणी, असे उत्तर मिळते. प्रकाशाच्या विकिरणातून मिळालेल्या परिणामाला चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे नाव आहे हे विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नाही. पण ही पद्धत महाग आणि सावकाश. म्हणून रोजच्या कामात स्वस्त, चटपटीत आकडाच राज्य करतो.

दुसरे उपकरण : गळती मोजणारे

घाम येत नसतानाही कातडीतून वाफ सतत निसटत असते. इटलीतील सांतोरिओ हा वैद्य वर्षानुवर्षे तराजूवर बसून जेवला, निजला, आणि १६१४ मधील आपल्या ग्रंथात त्याने या न दिसणाऱ्या घटीचा हिशेब मांडला. त्याच्या तराजूला कातडीची वाफ आणि श्वासाची वाफ वेगळी करता येत नव्हती. ते पुढे स्वीडनमध्ये १९७०-८० च्या दशकात गेर्ट निल्सन यांच्या उपकरणाने साधले. एक छोटी, दोन्ही टोकांना उघडी नळी कातडीवर उभी धरायची. तिच्या आत दोन वेगवेगळ्या उंचींवर आर्द्रता आणि तापमान मोजणारे संवेदक असतात. खालच्या संवेदकापाशी बाष्पदाब जास्त, वरच्यापाशी कमी. आडोल्फ फिक यांच्या १८५५ च्या विसरण नियमानुसार हा उतार जितका तीव्र तितका बाष्पाचा ओघ मोठा. त्यावरून दर चौरस मीटरमधून दर तासाला किती ग्रॅम पाणी गेले ते काढता येते.

याला खरे एकक आहे, हे पहिल्या उपकरणापेक्षा मोठे पुढचे पाऊल. प्रौढ माणसाच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या कातडीवर हा आकडा साधारण ५ ते १० येतो. ८ धरून मुलांकडून गणित करून घ्यावे. अंगाचे क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर घेतले तर ८ × १.७ × २४, म्हणजे दिवसाला सुमारे ३२६ ग्रॅम. एक तृतीयांश लिटर पाणी, एक थेंबही घाम न येता! भाजलेल्या रुग्णाला किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला पाण्याचा धोका का असतो हे यावरून लगेच ध्यानात येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही भिंत अजून बांधून पुरी व्हायची असते, आणि गळती कित्येक पट असते.

पण याही आकड्याच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. नळी उघडी असल्याने पंख्याची झुळूक, समोरच्याचा श्वास, दार उघडणे, सगळ्याने उतार बिघडतो. म्हणून खोली २० ते २२ अंश सेल्सिअस, आर्द्रता ४० ते ६० टक्के, आणि माणसाला मापाआधी पंधरा ते तीस मिनिटे शांत बसवणे, असे दंडक आहेत. जुलैतली रत्नागिरी आणि मेमधले नागपूर यांतले काहीच त्यांत बसत नाही. दंडक पाळून मिळालेले निष्कर्ष उघड्या जगात जसेच्या तसे लागू पडतील ही आशा आहे, पुरावा नव्हे.

आकड्याचा अर्थही सरळ नाही. तळहातावर शृंगस्तर इतर ठिकाणांहून कितीतरी जाड, तरी तिथली बाष्पहानी हाताच्या वरच्या भागापेक्षा जास्त. म्हणजे भिंतीची जाडी नव्हे, तिची घडण महत्त्वाची, आणि एका जागेच्या आकड्याची तुलना दुसऱ्या जागेशी करता येत नाही. पाणीदार क्रीम लावले की त्याचेच पाणी उडू लागते आणि काही वेळ आकडा वाढतो. भिंत बिघडलेली नसते. उलट पेट्रोलियम जेली चोपडली की आकडा तत्काळ उतरतो, आणि तेवढ्या वेळात भिंत दुरुस्त झालेली नसते. तिच्यावर ताडपत्री पडलेली असते. शिवाय मोजला जातो तो एकच रेणू, एकाच दिशेने, आतून बाहेर. पाण्याचा रेणू अतिशय लहान. तो जिथून निसटतो तिथून परागकणातील प्रथिन किंवा जंतू आत शिरेलच असे नाही.

चांगल्या प्रयोगशाळा यावर एक उपाय करतात. कातडीवर चिकटपट्टी लावून ओढायची, थरामागून थर काढायचे, आणि प्रत्येक वेळी गळती किती वाढते व पुढच्या तासा-दिवसांत किती लवकर पूर्ववत होते ते पाहायचे. नुसत्या एका मापापेक्षा ही कसोटी कितीतरी बोलकी आहे.

आकड्यावरून आजाराकडे

आता खऱ्या परीक्षेकडे वळू. २००६ मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधील संशोधकांनी दाखवले की फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि ॲटोपिक इसब यांचा घट्ट संबंध आहे. हे प्रथिन पेशीतील केराटीन बांधते, आणि नंतर त्याचे तुकडे होऊन बनणारी द्रव्ये पाणी धरून ठेवतात. म्हणजे विटेची बांधणी आणि विटेतला ओलावा, दोन्हींत त्याचा हात. २०१५ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील १९०३ बाळांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी ज्या बाळांची बाष्पहानी सर्वांत वरच्या चौथ्या हिश्श्यात होती, त्यांना पहिल्या वर्षात इसब होण्याचा संभव अधिक होता. इसबाचा एक डागही दिसण्याआधी उपकरणाला काहीतरी कळत होते! हे या शाखेचे मोठे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण पुढची उडी पाहा. गळकी भिंत आधी, इसब नंतर. म्हणून जन्मापासून भिंतीला क्रीम लावले तर इसब टळेल. २०१४ मध्ये दोन छोट्या चाचण्या झाल्या, जपानमध्ये ११८ बाळांवर आणि अमेरिका-ब्रिटनमध्ये १२४ बाळांवर. इसबाचे प्रमाण अनुक्रमे सुमारे एक तृतीयांशाने आणि निम्म्याने घटल्याचे दिसले. आशा पल्लवित झाल्या. २०२० मध्ये ब्रिटनमधील १३९४ बाळांच्या चाचणीचा निकाल आला. घरात ॲटोपिक आजार असलेली ही बाळे. निम्म्यांना वर्षभर रोज क्रीम लावले. दोन वर्षांच्या वयाला इसब किती? क्रीम लावलेल्यांत २३ टक्के, न लावलेल्यांत २५ टक्के. फरक नसल्यातच जमा. उलट पहिल्या वर्षात कातडीच्या संसर्गाच्या घटना क्रीम लावलेल्या गटात दर शंभर बाळांमागे २३ आणि दुसऱ्या गटात १५ होत्या. त्याच वर्षी नॉर्वे-स्वीडनमधील २३९७ बाळांच्या चाचणीतही तेलमिश्रित पाण्याची आंघोळ आणि चेहऱ्याला क्रीम यांनी इसब कमी झाला नाही.

प्रकरण इथे संपले असेही नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतील १२४७ बाळांच्या चाचणीत दोन वर्षांपर्यंत इसब झालेली बाळे क्रीमच्या गटात सुमारे ३६ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ४३ टक्के भरली. इथे बाळे घरात आजार आहे म्हणून निवडलेली नव्हती. कोणते क्रीम, कोणाला, केव्हापासून, हा वाद चालू आहे. पण एक गोष्ट निश्चित झाली: उपकरणाचा आकडा पुढचा आजार सुचवतो म्हणून आकडा सुधारला की आजार टळतो, असा हिशेब आपोआप जमत नाही. शिक्षकांना हे नवे नाही. वार्षिक परीक्षेतले गुण मुलाच्या समजुतीविषयी काहीतरी सांगतात. म्हणून मार्गदर्शक पाठ करून गुण वाढवले की समज वाढत नाही. खूण आणि कारण यांत फरक आहे.

वर सांगितलेल्या मोठ्या चाचण्यांचे मोठेपण यातच आहे की त्यांनी निकालाची कसोटी म्हणून ओलाव्याचा आकडा धरला नाही. बाळाला इसब झाला की नाही, हे पाहिले. ज्या लेखनात क्रीमने ‘कातडीचा अडसर सुधारला’ असे सांगून थांबले जाते, त्याला हाच प्रश्न विचारावा: मग आजार कमी झाला का?

तेलाची वाटी

आपल्याकडे हा प्रश्न अगदी घरचा आहे, कारण तान्ह्या बाळाला तेल चोळणे ही आपली रीत. २०१६ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झालेला एक अभ्यास म्हणूनच लक्षात ठेवण्याजोगा आहे. पूर्ण दिवसांच्या ११५ निरोगी बाळांचे तीन गट केले: ऑलिव्ह तेल, सूर्यफूल तेल, आणि काहीच नाही. चार आठवड्यांनी मापे घेतली. ओलावा दोन्ही तेलांच्या गटांत स्पष्ट वाढलेला. बाष्पहानीत फरक नाही. पण अवरक्त वर्णपटाने विटांमधल्या चुन्याची, म्हणजे स्निग्ध पापुद्र्यांची, घडण पाहिली तेव्हा ती तेल न लावलेल्या बाळांत अधिक सुधारलेली निघाली. तीन मापे, तीन उत्तरे! फक्त कॉर्निओमीटर वापरला असता तर ‘तेलाने त्वचा सुधारते’ असा मथळा झाला असता. अभ्यास लहान होता आणि बाळांच्या आजारावरचा परिणाम ठरवण्याइतकी त्याची ताकद नव्हती, हे संशोधकांनी स्वतःच नोंदवले आणि तेलाची शिफारस सावधपणे करावी एवढेच म्हटले. ही शिस्त शिकण्यासारखी आहे.

याच्या जोडीला ढाक्यातील शिशु रुग्णालयाचा २००५ मधील अभ्यास ठेवावा. तिथे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफूल तेल लावल्यावर रुग्णालयात होणारे संसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. ही टक्केवारी मात्र अर्थपूर्ण आहे, कारण मोजले गेले ते संसर्ग, आणि त्यांचा शून्य खरोखरच शून्य असतो. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. अपुरी भिंत आणि पुरी भिंत यांच्या गरजा वेगळ्या. ‘तेल चांगले की वाईट’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणाला, कोणते, कशासाठी, हे विचारल्याशिवाय उत्तर सुरूच होत नाही.

वर्गासाठी

एकसारख्या तीन वाट्यांत समान पाणी घ्या. एक उघडी ठेवा, दुसरीत वर तेलाचा पातळ थर द्या, तिसरीच्या पाण्यात चमचाभर ग्लिसरिन मिसळा. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज वजन करून आलेख काढा. मग मुलांना विचारा: तेलाच्या वाटीतले पाणी कमी उडाले, म्हणून वाटीत काही दुरुस्त झाले का? ओलाव्याचे उपकरण या तीन वाट्यांत फरक करू शकेल का? आणि वजनाच्या जागी ० ते १२० असा एखादा मनाने ठरवलेला आकडा दिला असता तर आपण काय म्हणू शकलो असतो, काय नाही?

शेवटी, जाहिरात असो वा शोधनिबंधाची बातमी, चार प्रश्न पुरतात. आकड्याला एकक आहे का? मापाच्या वेळी खोली कशी होती आणि तुलना कशाशी केली? ओलावा मोजला की गळती? आणि त्या मापाचा माणसाच्या आजाराशी संबंध प्रयोगाने दाखवला आहे की गृहीत धरला आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे सहसा मिळतात. चौथ्याचे मिळाले नाही तर दावा तिथेच थांबतो, आणि आपणही तिथेच थांबावे.